झाऱ्यासकट परत पाठवलेला माणूस

व्हिसा मिळालेला माणूस परत येत नाही, हे आमच्या धंद्यातलं दुःख. तो पासपोर्ट घेतो, "थँक्यू ताई" म्हणतो आणि जिना उतरतो. वर्षभराने कुठल्याशा लग्नात समोरासमोर आलाच तर "आपको कहीं देखा है" म्हणून विचारात पडतो. नकार मिळालेला मात्र हमखास परत येतो, बसतो, पाणी मागतो, आणि सगळं पहिल्यापासून सांगतो. त्यामुळे माझं आयुष्य बहुतेक करून नकार मिळालेल्यांच्या सोबतीत गेलं. सोबत वाईट नव्हती. माणूस नकार पचवत असताना फार खरं बोलतो.

इंदूरला कृष्णपुऱ्यात, होळकरांच्या समाधीच्या छत्र्यांसमोर, बांगड्यांच्या दुकानावर आमचं ऑफिस. विमानाची तिकिटं सेठजी बघत, व्हिसाचं टेबल माझं. नागपूरहून लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा माझी हिंदी शाळेतल्या पुस्तकातली होती. या टेबलावर बसून ती अशी काही इंदुरी झाली की माहेरचे लोक आता माझी मराठीसुद्धा कान देऊन ऐकतात.

लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असे. "मॅडमजी, एम्बसी में अपनी सेटिंग है क्या?" मी सांगे, "भिया, माझी सेटिंग फक्त समोरच्या झेरॉक्सवाल्याशी आहे." यावर कोणी विश्वास ठेवत नसे. सेटिंग नसताना एक बाई इतकी वर्षं या टेबलावर कशी टिकते, हे त्यांना कळत नसे.

खरं काम अगदी साधं होतं. पर्यटक किंवा पाहुणा म्हणून जाणाऱ्या माणसाबद्दल तिकडच्या अधिकाऱ्याला एकच शंका असते, हा परत जाईल ना? ती शंका कागदांनी दूर करायची. घर, शेत, नोकरी, म्हातारे आईवडील, जे काही माणसाला इकडे ओढून धरतं ते दाखवायचं. सांवेरकडचे एक शेतकरी मुलाला भेटायला ऑस्ट्रेलियाला निघाले होते. "परत येण्याचं कारण दाखवा" म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी आपल्या म्हशींचे फोटो आणले, प्रत्येकीच्या खाली नाव लिहून. एका फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "ही माझ्याशिवाय कोणाला दूध काढू देत नाही. लिहा तसं." मी लिहिलं. व्हिसा आला. तो सात-बाराच्या उताऱ्यासारख्या कागदांमुळे आला की म्हशीमुळे, ते मला आजवर कळलेलं नाही.

पण दुसरी एक गोष्ट लोकांच्या डोक्यात कधीच शिरत नसे. व्हिसा म्हणजे प्रवेश नव्हे. व्हिसा हातात असला तरी तिकडच्या विमानतळावर उतरल्यावर खिडकीपलीकडचा अधिकारी पुन्हा प्रश्न विचारू शकतो, आणि त्याचं समाधान झालं नाही तर पुढच्या विमानाने परत पाठवू शकतो. हे सांगितलं की लोक हसत. "अरे मॅडमजी, ठप्पा लग गया तो लग गया." अशी परत आलेली माणसं माझ्याकडे थोडीच आली. त्यांतले एक दत्तूकाका.

दत्तात्रय भागवत हे त्यांचं नाव, पण इंदूरच्या मराठी घरांत ते दत्तूकाका आणि बाकी सगळ्या शहरात दत्तूभिया. धंदा आचाऱ्याचा. त्यांचे वडील मिलमध्ये कारकून होते, मुलानेही कुठेतरी चिकटावं ही त्यांची इच्छा. मुलगा भट्टीला चिकटला. रामबागेपासून पार महूपर्यंत लग्न, मुंज, बारसं काहीही असलं की मांडवामागे काका उभे असायचे. शरीराने आडवे, आवाजाने मोठे, आणि मनात येईल ते लगेच तोंडाने सांगणारे. हा शेवटचा गुणच त्यांना नडला.

त्यांची एकुलती एक मुलगी मंजिरी लंडनला एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरी करते. तिने तिकडच्याच एका मुलाशी लग्न ठरवलं. मुलाचं नाव टॉम. काकांनी दोन दिवस जेवण सोडलं, तिसऱ्या दिवशी टॉमशी फोनवर बोलले आणि नंतर सगळ्यांना सांगत सुटले की, जावई गोरा आहे पण गरीब स्वभावाचा आहे. लग्न तिकडेच व्हायचं होतं. काकांची आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे त्यांच्या बायकोने, सुमनकाकूंनी, घरी राहायचं आणि काकांनी जायचं असं ठरलं. व्हिसाचा अर्ज मंजिरीनेच तिकडून भरला. व्हिसा मिळाला. गल्लीने काकांना हार घातले, कोणीतरी ढोल आणला, आणि निरोपाला आलेल्या प्रत्येकाला काकांनी एकच गोष्ट सांगितली, "आजवर दुसऱ्यांच्या पोरींच्या लग्नाचं रांधलं. आता माझ्या पोरीचं मीच रांधणार."

आणि तसेच निघाले. बॅगेत मोठा झारा, कढई, शेवेचा सोऱ्या, मसाल्यांचे डबे, आणि छातीवर स्वतःच्या केटरिंगचं नाव छापलेले दोन एप्रन.

लंडनला जे झालं ते काकांनी मला माझ्या टेबलासमोर बसून सांगितलं, पण ते नंतर. आधी काय झालं ते सांगते. त्यांचा व्हिसा तिथेच रद्द करून त्यांना परत पाठवलं. ते दिल्लीला उतरले, तिथून रेल्वेने इंदूरला आले, आणि स्टेशनवर त्यांचे पाय घराकडे वळेनात. गल्लीने हार घातल्याला अजून आठवडासुद्धा झाला नव्हता. त्यांनी काकूंना फोन केला, "मी घरी येत नाही. मानपूरला जातो." मानपूरला मुंबई रोडवर काकूंच्या बहिणीच्या यजमानांचा ढाबा आहे. काका तिथे जाऊन लपले.

इकडे काकूंवर आफत. गल्लीतल्या बायका रोज विचारत, "भियाजी पोचले का? थंडी आहे का तिकडे?" काकू आयुष्यात कधी खोटं बोललेल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी नुसतं "हो" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी म्हणाल्या, "फार थंडी आहे म्हणे." चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांनी तिकडे पाऊस पाडला. मला हे सांगताना त्या म्हणाल्या, "ताई, नंतर नंतर मला मजा यायला लागली हो. मी यांना तिकडे आपल्या राजवाड्याएवढा एक पूलसुद्धा दाखवला."

लग्नाच्या दिवशी काका ढाब्यावरच होते. लोणच्याच्या बरणीला टेकवून मोबाइल उभा केला आणि त्यात लेकीचं लग्न पाहिलं. मागे ट्रकवाले सारखे भोंगे वाजवत होते. टॉमच्या आईला वाटलं, ते मंगलवाद्य आहे. तिने मंजिरीला सांगून काकांना निरोप दिला की, संगीत छान आहे. काकांनी हात जोडले. हे सांगताना ते हसत होते, पण मग एकदम उठले आणि खिडकीतून छत्र्यांकडे बघत राहिले.

लपलेला आचारी लपून राहू शकत नाही. ढाब्यावर नुसतं बसवेना म्हणून काकांनी भट्टी हातात घेतली. थोड्याच दिवसांत तिथे गाड्यांची रांग लागू लागली. एका रविवारी इंदूरचं एक कुटुंब मांडवगडाहून परतताना जेवायला थांबलं. गृहस्थांनी भुट्ट्याच्या, म्हणजे मक्याच्या कणसांच्या, किसाचा एक घास घेतला, थांबले, आणि बायकोला म्हणाले, "ये तो दत्तूभिया का हाथ है." उठून सरळ मागे गेले. मागे काका बनियनवर, घामाने निथळत, कांदा परतत उभे.

"अरे भिया, आप तो लंदन में थे ना?"

काका म्हणाले, "हां, बस, निकल ही रहा हूँ."

ती बातमी काका घरी पोचायच्या आधी गल्लीत पोचली.

आता खरं म्हणजे गल्लीने फार छळलं नाही. दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवशी कोणाच्या तरी घरच्या बारशाचं काम घेऊन आले. पण काकांचं मन उडालं. ते भट्टीपुढे गप्प उभे राहू लागले. त्यांचा गप्पपणा काकूंना सहन होईना. त्या त्यांना धरून माझ्याकडे घेऊन आल्या.

"ताई, यांना परत जायचंय," काकू म्हणाल्या. "होईल का?"

"आधी काय झालं ते सांगा," मी म्हटलं.

काकांनी सांगितलं. खिडकीवर एक बाई अधिकारी होती. तिने फोनवर हिंदी बोलणारा दुभाषा घेतला. कशाला आलात? मुलीच्या लग्नाला. मग बॅग उघडली. झारा निघाला, कढई निघाली, एप्रन निघाले. हे काय? लग्नाचा स्वयंपाक मीच करणार. तुमचा धंदा काय? हाच.

"बस, इतक्यावर परत पाठवलं. मी विचारतो ताई, पोरीच्या लग्नात बापाने जेवण बनवलं तर ते काम झालं का?"

माझ्या मते ते काम नव्हतं. पण पाहुणा म्हणून गेलेल्या माणसाला तिकडे धंदा करता येत नाही, आणि एप्रनवर धंद्याचं नाव होतं. मला वाटलं, एवढ्यावरून परत पाठवणं जरा जास्तच झालं. तसं मी बोललेही. काका खूश झाले. काकू मात्र छताकडे बघत बसल्या.

मधल्या काळात काका दुसऱ्या एका एजंटकडे जाऊन आले होते. त्याने सांगितलं होतं, पासपोर्ट हरवला म्हणून नवा काढा, आणि नव्या अर्जात मागचं काही लिहूच नका. काकांना ते पटलं होतं.

"काका," मी म्हटलं, "अर्जात सरळ प्रश्न असतो. तुम्हाला कधी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का, दारातून परत पाठवलं आहे का. तिथे 'नाही' लिहिलं आणि पकडलं गेलं तर दहा वर्षं दार बंद. आणि तुम्ही पकडले जाणारच. मागच्या वेळी बोटांचे ठसे दिलेत ना? पासपोर्ट नवा काढाल, बोटं कुठून आणाल?"

काकांनी आपली बोटं उलटसुलट करून पाहिली.

"म्हणजे 'हो' लिहायचं?"

"हो लिहायचं. आणि का परत पाठवलं तेही लिहायचं, सगळं."

"मग ते पुन्हा नाही म्हणतील."

"म्हणू शकतात. मी गॅरंटी देत नाही. पण तुम्ही तिथे खोटं बोलला नाहीत, हे आपल्या बाजूने आहे. जे होतं ते स्वतः सांगितलंत. आता फक्त मंजिरीचं पत्र लागेल, की बाबांना मी बोलावते आहे, ते माझ्याकडे राहतील."

"ते काय, मंजू देईल," काका म्हणाले.

"मंजू नाही देणार," काकू म्हणाल्या.

मी काकूंकडे पाहिलं. त्या काकांकडे बघत होत्या.

"सांगा ना ताईंना. की मी सांगू?"

मग काकूंनीच सांगितलं. तिकडे इंदूरचा एक मुलगा राहतो. काका येणार हे कळल्यावर त्याने फोन केला होता, भिया, इथे आपली खूप माणसं आहेत, लग्न झाल्यावर आमच्याकडचीही दोन-तीन कामं करून द्या. काकांनी हो म्हटलं. एक मुंज, एक वाढदिवस, आणखी काहीतरी. आणि विमानतळावर त्या बाईने जेव्हा विचारलं, लग्नानंतर काय करणार, तेव्हा काकांनी अभिमानाने तेही सांगून टाकलं. मग त्या बाईने बाहेर उभ्या असलेल्या मंजिरीला फोन लावला आणि विचारलं, तुमचे वडील इथे आणखी कुठे कुठे स्वयंपाक करणार आहेत हे तुम्हाला माहीत आहे का? मंजिरीला काहीच माहीत नव्हतं.

"ती फुलं घेऊन उभी होती हो बाहेर," काकू म्हणाल्या. "तेव्हापासून माझ्याशी बोलते. यांच्याशी कामापुरतं."

त्या बाई अधिकाऱ्याबद्दल मी मघाशी जे बोलले होते ते मनातल्या मनात मागे घेतलं. तिच्या जागी मी असते तर मीही परतच पाठवलं असतं.

व्हिसाच्या फायलीत मी पुष्कळ गोष्टी जोडून दिल्या आहेत, पण लेकीचा रुसवा कसा काढायचा याचा काही फॉर्म नसतो. मी काकांना म्हटलं, "अधिकाऱ्याला जे लिहायचं आहे ते आधी मंजिरीला सांगा. तिला पटलं तर पुढचं काम माझं."

"आत्ता?"

"आत्ता तिची जेवणाची सुट्टी असेल," काकू म्हणाल्या आणि त्यांनी नंबर लावूनही टाकला.

मी उठून बाहेर जायला निघाले, तर काकूंनी माझा हात धरून खाली बसवलं. पडद्यावर मंजिरी आली. पांढरा कोट, हातात डबा.

"मंजू, मी व्हिसाच्या ऑफिसातून बोलतोय."

"व्हिसाचं असेल तर मी ठेवते, बाबा."

"व्हिसाचं आहे. पण आधी दुसरं सांगतो. ऐक." काकांनी घसा साफ केला. इतका मोठा आवाज असलेला माणूस, पण पुढचं वाक्य मला कान देऊन ऐकावं लागलं. "ती कामं मीच कबूल केली होती. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू नाही म्हटलं असतंस."

"का घेतलीत?"

"तुझ्या घरी महिनाभर राहायचं, खायचं-प्यायचं, हिंडायचं, सगळं तुमच्या जिवावर. आपल्यात बाप मुलीच्या घरी पाणी पितानासुद्धा विचार करतो. म्हटलं, थोडं काम केलं तर निघताना तुम्हा दोघांना काहीतरी घेऊन देता येईल. टॉमच्या आईसमोर मान वर राहील."

मंजिरीने हातातला डबा खाली ठेवला. मग म्हणाली, "बाबा, लग्नसराई आली की तुम्ही घरी नसायचात. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा तुम्ही देवासला कोणाच्या तरी लग्नात होतात. मला नेहमी वाटायचं, एका तरी लग्नात तुम्ही मांडवामागे नसाल, पुढे खुर्चीवर बसलेले दिसाल. म्हणून मी बोलावलं होतं तुम्हाला. रांधायला नव्हतं बोलावलं. तुम्ही म्हणालात मीच करणार, तर तुम्हाला बरं वाटेल म्हणून मी हो म्हटलं."

काकांनी मान हलवली. खाली बांगडीवाला गिऱ्हाइकाशी भाव करत होता. मग काकांनी एकदम विचारलं, "मंजू, जेवण कसं होतं गं?"

लग्नाला दोन महिने होऊन गेले होते आणि हा प्रश्न त्यांनी विचारला नव्हता.

"ऐन वेळी काय मिळणार? पिझ्झा मागवला."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"गरम होता?"

"नव्हता."

"हं," काका म्हणाले. त्या हुंकारात इतकं दुःख होतं की काकू पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि त्यांना हसताना पाहून मंजिरीही हसली. हसता हसता तिने डोळे पुसले.

"पत्र पाठवते," ती म्हणाली. "पण एकही भांडं आणायचं नाही. आणि मी सांगेपर्यंत माझ्या स्वयंपाकघरात पाय ठेवायचा नाही."

"मंजूर," काका म्हणाले.

मग माझं काम सुरू झालं. अर्जासोबत काकांचं निवेदन जोडायचं होतं. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. त्यांना त्यात आईचं आजारपण, दत्तगुरूंची शपथ आणि "साहेब कधी इंदूरला आले तर माझ्याकडे जेवल्याशिवाय जायचं नाही" हे सगळं घालायचं होतं. ते मी सगळं काढलं. उरलं ते एवढंच: मला परत पाठवलं होतं. माझ्याकडे धंद्याची भांडी होती, आणि लग्नानंतर बाहेरची कामं करायचं मी कबूल केलं होतं. पाहुण्याला ते चालत नाही हे मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे. आता मी फक्त मुलीला आणि जावयाला भेटायला येतो आहे. घरी आई आणि पत्नी आहेत, पुढच्या लग्नसराईची कामं ठरलेली आहेत, त्याआधी मी परत येईन.

मी वाचून दाखवलं तेव्हा काका म्हणाले, "फार कोरडं वाटतं हो, ताई."

"कोरडंच हवं," मी म्हटलं.

बोटांचे ठसे द्यायला त्यांना अहमदाबादला जावं लागलं. दुपारी त्यांचा फोन आला. जन्मभर गरम कढया धरून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली; मशीन ठसे घेईचना. मागच्या वेळीही त्रास झाला होता म्हणे, या वेळी जास्तच. "ताई, तुम्ही म्हणत होतात बोटं कुठून आणाल. हे मशीन तर म्हणतंय, बोटंच नाहीत." तिथल्या मुलीने हात धुवायला लावले, क्रीम चोळलं, पुन्हा पुन्हा दाबून घेतले, आणि शेवटी एकदाचे ते उमटले.

मग वाट पाहणं. या काळात माणसं दोन प्रकारे वागतात. काही रोज फोन करतात, काही तोंडच दाखवत नाहीत. काका कचोऱ्या घेऊन यायचे, माझ्या टेबलावर ठेवायचे, आणि व्हिसाचं अवाक्षर न काढता निघून जायचे. जिन्यात थोडे रेंगाळायचे, मी हाक मारते का बघायला.

व्हिसा आला. मी पासपोर्ट त्यांच्यापुढे उघडून ठेवला. त्यांनी तो पाहिला आणि म्हणाले, "हा तर मागच्या वेळीही होता."

इतक्या वर्षांत ही गोष्ट पक्की समजलेलं पहिलं गिऱ्हाईक माझ्यासमोर बसलं होतं. मी म्हटलं, "काका, मी कोणाला उत्तरं पाठ करून देत नाही. विचारतील तेवढंच सांगा, खरं सांगा, आणि थांबा." यातलं थांबणं त्यांना जमेल का, याची मला काळजी होती.

या वेळी हार नाहीत, ढोल नाही. काकूंनी गल्लीत कोणाला सांगितलंही नाही. काका लंडनला उतरायच्या दिवशी मी दुसऱ्या कोणाच्या तरी फायलीवर काम करत होते, म्हणजे तसं दाखवत होते. एरवी मी गिऱ्हाइकाच्या विमानामागे मन धाडत नाही. धाडलं तर या धंद्यात जगता येत नाही. त्या दिवशी मात्र मी फोन उपडा ठेवायची आणि पुन्हा सुलटा करायची. संध्याकाळी काकूंचा फोन आला. "आत सोडलं," एवढंच म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघीही उगाच हवापाण्याचं बोलत बसलो.

काका ठरल्या दिवसाच्या आधीच परत आले आणि दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलासमोर हजर झाले. मी आधी पासपोर्ट मागितला, परतल्याचा शिक्का पाहिला, आणि मगच "बसा" म्हटलं. व्हिसा मिळालेला माणूस पुन्हा जिना चढून आला होता, आणि त्याला सांगायचं होतं. मी चहा मागवला.

या वेळी खिडकीवर एक टकला साहेब होता. कॉम्प्युटरमध्ये बघितल्याबरोबर त्याने काकांना बाजूच्या बाकावर बसवलं. पुन्हा फोनवर दुभाषा. मागच्या वेळी का परत पाठवलं? काकांनी सांगितलं आणि थांबले. बॅग उघडली. कपडे, ब्लडप्रेशरच्या गोळ्या, आणि काकूंनी टॉमसाठी विणलेला स्वेटर. साहेबाने स्वेटर वर धरून पाहिला, पुन्हा घडी घातली. मग विचारलं, मागच्या वेळी रांधायला आला होतात, या वेळी काय करणार?

"मी म्हटलं, इस बार खाऊँगा, साहब. तो दुभाषा आधी हसला, मग त्याने साहेबाला सांगितलं. साहेब नाही हसला. त्याने मंजूला फोन लावला, काय काय विचारलं देव जाणे. मग आला आणि म्हणाला, जा."

बाहेर मंजिरी उभी होती. फुलं नव्हती आणली. म्हणाली, मागची वाया गेली होती. टॉमने बॅग उचलली, आणि ती इतकी हलकी की तो दचकलाच.

पहिल्या रात्री टॉमने वांग्याची भाजी केली. इंटरनेटवर बघून. "कशी होती?" मी विचारलं. काका म्हणाले, "वांगं होतं." मीठ कमी होतं. टॉम तोंडाकडे बघत होता. काकांनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि मीठ मागितलं नाही. कबूल केल्याप्रमाणे स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसायचे, आत पाय नाही. टॉम आतून एकेक डबा उचलून दाखवायचा आणि काका मानेने हो-नाही करायचे. आलेल्या-गेलेल्यांना मंजिरी म्हणायची, हे माझे बाबा, आणि पुढे काही जोडायची नाही. तो इंदूरचा मुलगाही येऊन गेला. काकांनी त्याला चहा पाजला, तोही टॉमने केलेला.

निघायच्या आदल्या रविवारी मंजिरी म्हणाली, "बाबा, आज तुम्ही करा. टॉमची आई येणार आहे. आपण चौघं."

"काय केलंत?" मी विचारलं.

"साधं वरण-भात, बटाट्याची भाजी." काकांनी कप खाली ठेवला. "ताई, आत गेलो, डाळ शिजवली, आणि तिथे अडलो. पाचशे माणसांच्या भाजीत मीठ मी न बघता टाकतो. मांडवात दोन हजार असले तरी हात चुकत नाही. पण चौघांच्या वरणात किती? घरी कधी केलंच नव्हतं. घरी हिनेच केलं. मी डबा हातात घेऊन उभा. शेवटी मंजूला हाक मारली. म्हटलं, मंजू, चौघांना किती टाकायचं गं?"

"मग?"

"ती हसली नाही. माझा हात धरला आणि तळव्यावर मीठ काढून ठेवलं."

काकांनी आपला रुंद, भाजलेला पंजा टेबलावर माझ्यासमोर उघडा केला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने त्याच्या मधोमध एक लहानशी जागा दाखवली.

"एवढंसं," ते म्हणाले.